उतरलेली बॅटरी

॥ रामकृष्णहरि ॥

सज्जन वाचकहो, या मासाच्या निरूपणासाठी आम्ही घेतलेला विषय पाहून आमच्या कित्येक वयोवृद्ध वारकरी बंधूंच्या कपाळास आठी पडेल, हे आम्ही जाणतो. मोटारसायकलची बॅटरी उतरली, बटन दाबले तरी गाडी उठेना, तर ती पुन्हा कशी चालू करावी, हा तो विषय होय. यावर पूर्वपक्ष असा येईल की, ‘महाराज, हे काम मिस्त्रीचं. कीर्तनकारानं वीणा खाली ठेवून पाना कशाला हातात घ्यायचा?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

आमच्या संतमंडळींनी परमार्थ सांगताना दृष्टांत लांबून आणले नाहीत. सावता महाराजांनी मळा पुढे ठेवला, गोरोबाकाकांनी मडके, नरहरी महाराजांनी सोनाराची पेटी, सेना महाराजांनी आरसा आणि जनाबाईंनी जाते. ज्याच्या हाताला जे रोज लागते त्यातूनच त्यांनी देव दाखविला. आज खेड्यातल्या घरात जाते क्वचितच फिरते. पण ओसरीला मोटारसायकल उभी असते. दुधाची किटली तिच्यावर जाते, खताची गोणी तिच्यावर येते, पोरगा कॉलेजला तिच्यावर जातो आणि म्हातारी आई एकादशीच्या दर्शनाला तिच्यावरच बसून निघते. जात्याच्या जागी ती आली असेल, तर तिच्यापासून बोध घेण्यास शास्त्राची कोणतीही आडकाठी नाही.

दुसरे कारण स्थानमाहात्म्याचे आहे. छत्रपती संभाजीनगराहून नगरच्या रस्त्याने निघाले की दहाबारा किलोमीटरवर, वाळूजच्या अलीकडे, पंढरपूर नावाचेच गाव लागते. तेथे विठ्ठलाचे मंदिर आहे. लोक त्यास छोटे पंढरपूर म्हणतात. ज्यांना भीमातीर गाठणे होत नाही असे हजारो भाविक आषाढी एकादशीस तेथे पायी जातात. त्याच गावाच्या भोवती वाळूजची औद्योगिक वसाहत पसरली असून तेथील बजाज ऑटोचा कारखाना १९८५ सालापासून चालू आहे. एका अंगास विठोबाचे राऊळ, दुसऱ्या अंगास गाड्यांचा कारखाना! या पंचक्रोशीतले कितीतरी टाळकरी दिवसपाळी संपवून, हातपाय धुऊन, मग कीर्तनाला उभे राहतात. त्यांच्यापुढे हा दृष्टांत ठेवण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

वस्तुविचार

दृष्टांत द्यावयाचा तर आधी वस्तू जशी आहे तशी समजली पाहिजे. वस्तूच चुकीची समजली तर दृष्टांत बिघडतो आणि त्यावर उभा केलेला सिद्धांतही बिघडतो.

मोटारसायकलच्या बैठकीखाली किंवा बाजूच्या झाकणाआड एक लहानशी पेटी असते, ती बॅटरी. तिच्या आत शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले गंधकाचे आम्ल असते. ही युक्ती फ्रान्स देशातील गॅस्टन प्लांटे या शास्त्रज्ञाने १८५९ साली काढली आणि आजही बहुतेक गाड्यांत तीच चालते. आत सहा घरे असतात, दर घराचे सुमारे दोन व्होल्ट, मिळून बारा. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की, या पेटीत वीज उत्पन्न होत नाही. बाहेरून मिळालेली वीज ती साठवून ठेवते आणि मागितली की परत देते. ती विहीर नव्हे, रांजण आहे.

मग वीज उत्पन्न कोठे होते? इंजिनाच्या अंगाला एक चुंबक असते. इंजिन फिरले की ते फिरते, आणि त्याच्या शेजारच्या तांब्याच्या वेटोळ्यांत वीज उमटते. हे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली सिद्ध केले. मिस्त्रीमंडळी या भागास मॅग्नेट कॉइल म्हणतात. तेथून निघालेली वीज रेग्युलेटर नावाच्या डबीतून जाते. ती डबी विजेला एका दिशेची करते आणि जास्त झालेली वीज आवरून बेताने बॅटरीला पोचविते.

आता गंमत पाहा. बटन दाबले की बॅटरी इंजिनाला फिरविते. इंजिन फिरले की चुंबक फिरते. चुंबक फिरले की बॅटरी भरते. म्हणजे बॅटरी असेल तर इंजिन, आणि इंजिन असेल तर बॅटरी. न्यायशास्त्रात यास अन्योन्याश्रय म्हणतात. वादात अन्योन्याश्रय हा दोष मानला आहे. संसारात मात्र कितीतरी चांगली कामे अन्योन्याश्रयानेच चालतात. फक्त त्यात एक भय असते. एक कडी तुटली की दुसरी आपोआप तुटते, आणि मग ते वर्तुळ आतून जोडता येत नाही. बाहेरचे काही निमित्त लागते. या निरूपणाचे सारे मर्म या एका वाक्यात आहे, म्हणून वाचकांनी ते मनात धरून पुढे चलावे.

निदान

गाडी उठेना म्हणजे बॅटरीच गेली, असे लगेच म्हणू नये. अन्वय आणि व्यतिरेक लावून पाहावे. हँडलवरचे लाल बटन, ज्यास किल स्विच म्हणतात, ते चुकून बंद झाले आहे काय? गाडी न्यूट्रलमध्ये आहे काय? साइड स्टँड खाली राहिला म्हणून तर ती अडून बसली नाही ना? टाकीत पेट्रोल आहे काय? एवढे पाहून मग हॉर्न वाजवावा. हॉर्न चांगला ठणठणीत वाजतो, दिवा लख्ख लागतो आणि तरीही इंजिन फिरत नाही, तर दोष दुसरीकडे आहे. हॉर्न घोगरा झाला, दिवा मिणमिणतो, बटन दाबताच तोही मावळतो आणि आत नुसते ‘कट् कट्’ होते, तर बॅटरी उतरली असे समजावे. काहीच लागत नाही, काटाही हलत नाही, तर प्रथम फ्यूज पाहावा आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांवरचे स्क्रू ढिले झाले आहेत काय ते पाहावे. पुष्कळदा त्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढते आणि आत वीज असून बाहेर येत नाही. गाडी बंद करून, आधी काळी व मग लाल तार सोडवून, खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने ती टोके पुसावी, कोरडी करावी, आधी लाल व मग काळी तार घट्ट बसवून वरून थोडे व्हॅसलीन लावावे. एवढ्यानेही कितीतरी गाड्या उठतात.

मिस्त्रीकडे मीटर असतो. काही तास उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा थोडे अधिक दाखविते. १२ च्या खाली आली तर ती बरीच रिकामी झाली. गाडी चालू करून जरा रेस दिली असता साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसले पाहिजे. तेवढे दिसत नसेल तर दोष बॅटरीत नसून तिला भरविणाऱ्या यंत्रणेत आहे. अशा वेळी नवी बॅटरी घातली तरी ती दोन दिवसांत पुन्हा उतरते, आणि मालक म्हणतो, ‘बॅटरीच खोटी निघाली.’

येथे आम्हांस देवगिरीची कथा आठवते. संभाजीनगरापासून जवळच असलेल्या या किल्ल्याचा कारभार श्रीजनार्दनस्वामींकडे होता आणि एकनाथ महाराज तेथे गुरुसेवेत होते. एकदा हिशेबात एका पैची चूक येत होती. नाथ दिवा लावून रात्रभर वह्या तपासीत बसले आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजविली. ते पाहून स्वामी म्हणाले की, एका पैच्या चुकीसाठी लागलेले हे अवधान परमात्म्याकडे लागले तर काय होणार नाही! ही कथा आम्ही सारे एकाग्रतेसाठी सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण तीत आणखी एक बोध आहे. पै गेली कोठे, हे शोधल्यावाचून वही बंद करावयाची नाही. उतरलेली बॅटरी हाही एक हिशेबच आहे. जमेपेक्षा खर्च अधिक झाला, म्हणून ती उतरली. किल्ली चालू राहिली, मागाहून बसविलेला एखादा दिवा रात्रभर वीज ओढीत राहिला, गाडी महिनाभर जागची हलली नाही, किंवा रोज एवढेच अंतर चालली की बटनाने खर्च केलेलेही भरून आले नाही. गळती शोधल्यावाचून गाडी चालू केली, तर उद्या सकाळी ती पुन्हा तशीच उभी राहील.

उपाय

उपाय चार आहेत.

पहिला किकचा. ज्या गाडीला किक आहे आणि कार्बोरेटर आहे, अशा कित्येक जुन्या गाड्या बॅटरी पूर्ण रिकामी असली तरी किकने उठतात. कारण ठिणगीपुरती वीज त्यांचे चुंबकच देते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचा नियम आला, बहुतेक गाड्यांत पेट्रोल विजेच्या पंपाने फवारले जाऊ लागले आणि पुष्कळ गाड्यांची किकही गेली. त्यांना थोडी तरी वीज शिल्लक लागतेच.

दुसरा उपाय धक्क्याचा. किल्ली चालू करावी, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकावी, क्लच दाबून धरावा. मागून एकदोघांनी ढकलावे. गाडीने माणसाच्या धावण्याइतका वेग घेतला की क्लच झटकन सोडावा. इंजिनाने गुरगुर केली की लगेच क्लच पुन्हा दाबून हळूहळू रेस द्यावी. उतार असेल तर ढकलणाराही लागत नाही. मात्र वाहत्या रस्त्यावर हे करू नये. गाडी कडेला मोकळ्या जागी न्यावी, आणि मागे बसलेल्या माणसास आधी उतरवावे.

तिसरा उपाय दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा आधार. दोन जाड तारा लागतात. दोन्ही बॅटऱ्या बारा व्होल्टच्याच असाव्यात. लाल तारेचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकास आणि दुसरे भरलेल्या बॅटरीच्या धन टोकास. मग काळ्या तारेचे एक टोक भरलेल्या बॅटरीच्या ऋण टोकास आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडास, बॅटरीपासून जरा दूर. आधार देणारी गाडी चारचाकी असेल तर तिचे इंजिन बंदच ठेवावे. गाडी उठली की तारा उलट क्रमाने काढाव्या. बॅटरीतून पेटणारा वायू निघू शकतो, म्हणून जवळ विडीकाडी पेटवू नये. लाल-काळ्याची अदलाबदल तर मुळीच होऊ देऊ नये. तसे झाले तर चांगल्या गाडीचेही नुकसान होते.

चौथा उपाय सावकाशीचा, आणि तोच खरा. बॅटरी काढून चार्जरवर लावावी, बेताच्या विजेने, दहा-बारा तास. लवकर भरावी म्हणून जोराची वीज दिली तर बॅटरी तापते व बिघडते. पाण्याची बॅटरी असेल तर दोन रेघांच्या मध्ये शुद्ध डिस्टिल्ड पाणी घालावे, नळाचे घालू नये. बंद जातीची असेल तर उघडू नये.

मागे एका नाथषष्ठीस आम्ही पैठणच्या रस्त्याने जात होतो. फाल्गुन वद्यातले ऊन. बिडकीनच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक तरुण गाडीशी झगडत होता आणि बाभळीच्या विरळ सावलीत त्याची आई गाठोडे घेऊन बसली होती. तरुण पुन्हा पुन्हा बटन दाबीत होता. दर दाबण्यासरशी उरलीसुरली वीजही जात होती. शेजारून शेकडो गाड्या चालल्या होत्या. साऱ्या नाथांच्याच दर्शनाला! प्रत्येकाच्या कपाळी बुक्का, प्रत्येकाला घाई. इतक्यात एक दिंडी आली. चोपदाराने विचारले, “काय झालं, माउली?” तरुण म्हणाला, “बॅटरी डाऊन झाली बाबा. ढकलून पाहिली, एकट्याच्यानं वेग येत नाही.” दिंडीतले एक म्हातारे टाळकरी पुढे झाले. त्यांनी विचारले, “पुढचा दिवा लागतो का? थोडा लागतो ना? मग हाय अजून जीव. बटन दाबू नको आता. दुसऱ्यात टाक.” चौघांनी टाळ गळ्यात मागे सारले आणि गाडी ढकलली. दुसऱ्या खेपेस ती उठली. म्हातारी हात जोडू लागली, तेव्हा ते टाळकरी म्हणाले, “आम्हाला नको, नाथांना जोडा. आन पोरा, पैठण येईस्तोवर गाडी बंद करू नको बरं.” एवढे बोलून दिंडी आपल्या पावलीत मिळून गेली. चार मिनिटांचा खोळंबा झाला असेल.

दार्ष्टांतिक

आता हा दृष्टांत साधकास लावून पाहू. माणूस लहानपणी घरच्या वारीत वाढतो. हरिपाठ तोंडपाठ असतो. पुढे संसार पडतो. नोकरी, पाळी, शेतीचे कर्ज, कोर्टाचे हेलपाटे. एका वर्षी वारी चुकते, दुसऱ्या वर्षी माळ खुंटीला राहते. मग एखाद्या दिवशी त्यास वाटते की नाम घ्यावे. तो बसतो, पण मन लागत नाही. मन लागत नाही म्हणून तो नाम घेत नाही, आणि नाम घेत नाही म्हणून मन लागत नाही. वर सांगितलेला अन्योन्याश्रय तो हाच. गोडी असेल तर साधन, आणि साधन असेल तर गोडी. एक तुटले की दोन्ही गेले. त्या तरुणासारखा तो जागच्या जागी बटन दाबीत राहतो, स्वतःवर चिडतो, आणि दर चिडण्यासरशी उरलेला उत्साहही खर्च होतो.

अशा वेळी काय करावे? पहिली गोष्ट, बटन दाबणे थांबवावे. ‘मला प्रेम का येत नाही’ हा विचार सोडावा. ज्यास किक उरली आहे, म्हणजे कोणी न सांगता पहाटे उठून बसण्याची सवय अंगात आहे, त्याने त्या सवयीनेच आरंभ करावा. गोडीची वाट पाहू नये. जुन्या वारकऱ्यांची हीच थोरवी होती. मन असो नसो, एकादशीला पाय आपोआप देवळाकडे वळत. आता सवयी मोडल्या, किक गेली. म्हणून आजच्या माणसास धक्क्याची गरज अधिक आहे.

तो धक्का म्हणजे दिंडी. एकट्याच्या रेट्याने वेग येत नाही, तो चौघांत येतो. मन लागत नसले तरी टाळकऱ्यांच्या रांगेत उभे राहावे, दुसऱ्याच्या पावलावर पाऊल टाकावे. थोडा वेळ आपण चालत नाही, आपल्याला चालविले जाते. त्यात कमीपणा नाही. मात्र योग्य क्षणी क्लच सोडावा लागतो. दिंडीत चालूनही जो आतून आपले मन जोडीतच नाही, ‘लोक चालतात म्हणून चाललो’ एवढ्यावरच राहतो, त्याची गाडी पंढरपुरापर्यंत ढकलली तरी उठत नाही.

तिसरा उपाय सत्संगाचा. भरलेल्याकडून उतरलेल्याने घ्यावे. येथे आम्हां कीर्तनकार मंडळींस एक इशारा आहे. ज्याची स्वतःची बॅटरी रिकामी, त्याने मोठ्या झगमगाटाच्या तारा आणल्या तरी समोरची गाडी उठणार नाही. श्रोत्यांसही एक इशारा आहे. संग उलटा जोडू नये. साधूकडे जाऊन संपत्ती, मूल आणि कोर्टाचा निकाल मागणे ही लाल-काळ्याची अदलाबदल होय. तीत ठिणग्या पुष्कळ उडतात, लोक चमत्कार म्हणतात, आणि आतला फ्यूज जळून जातो.

आणि गाडी उठली म्हणजे संपले, असे नाही. हीच जागा फसण्याची आहे. सप्ताहात मन भरून येते, काल्याच्या दिवशी डोळ्यांना धारा लागतात, आणि घरी येताच माणूस इंजिन बंद करतो. धक्क्याने उठलेली गाडी लगेच बंद केली तर पुन्हा धक्काच लागतो, कारण त्या दोन मिनिटांत आत काही साठलेलेच नसते. जागच्या जागी मंद चालू ठेवूनही फारसे भरत नाही. गाडी चांगली चालवावी लागते. म्हणून सप्ताहानंतरचे चाळीस दिवस सप्ताहाहून महत्त्वाचे आहेत, असे आम्ही सांगत असतो. रोज थोडे, पण चुकवावयाचे नाही.

रेग्युलेटरचाही विचार करावा. वीज कमी पडली तर बॅटरी उतरते, हे सर्वांस समजते. ती अति झाली तरी बॅटरी उकळून मरते, हे फार थोड्यांस ठाऊक असते. एखाद्यास एकाएकी वैराग्य येते. तो अन्न सोडतो, झोप सोडतो, बायकामुलांशी बोलणे सोडतो आणि सहा महिन्यांत दुप्पट वेगाने संसारात येऊन आदळतो. गुरू हे रेग्युलेटर होत. मंद असेल त्यास वाढविणे आणि उतू जाईल त्यास आवरणे, ही दोन्ही कामे तेच करतात. एकनाथ महाराजांकडे पाहा. अंतरी पूर्ण वैराग्य आणि बाहेर गिरिजाबाईंसह नेटका प्रपंच, रोजचे अन्नदान, रोजचे लेखन, रोजचे कीर्तन. नाथभागवत पैठणात आरंभून काशीस पुरे झाले ते शके १४९५ मध्ये. इतका मोठा ग्रंथ एका झटक्याच्या उमाळ्याने लिहून होत नाही.

दृष्टांताची मर्यादा

आमच्या गुरुजींनी पाठशाळेत शिकविले होते की दृष्टांत हा एकदेशी असतो. चंद्रासारखे मुख म्हटले म्हणून मुखावर डाग शोधू नये. तेव्हा हा दृष्टांत कोठे थांबतो, तेही सांगितले पाहिजे. आणि ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला ती गोष्ट येथेच आहे.

बॅटरी खरोखर मरते. फार दिवस रिकामी पडून राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर एक कठीण थर बसतो आणि मग कितीही भरली तरी ती धरीत नाही. आमच्या मराठवाड्यातल्या उन्हाने तर तिचे आयुष्य आणखी घटते. मग ती दुकानात परत द्यावी, तिचे शिसे पुन्हा वापरात येते, आणि नवी घ्यावी. उकिरड्यावर टाकू नये.

जीवास हे लागू नाही. आत्मा ही साठविलेली वीज नव्हे की जी खर्च होऊन संपेल. उतरते ती वृत्ती. मळते ते टोक. आत चैतन्य जसेच्या तसे आहे. म्हणून कोणत्याही माणसाविषयी, विशेषतः स्वतःविषयी, ‘ही बॅटरी मेली’ असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही.

हे आम्ही उगाच लिहीत नाही. या प्रदेशात पावसाने दगा दिला, पीक करपले, देणे डोक्यावर चढले की चांगला धडधाकट माणूस आतून विझतो. तो बोलेनासा होतो, जेवण टाकतो, देवळात येईनासा होतो. गाव म्हणते, ‘त्याचं डोकं फिरलं,’ आणि आपापल्या गाड्या शेजारून दामटते. पुढे एखाद्या सकाळी नको ती बातमी येते, आणि मग तेच गाव दहाव्याला गर्दी करते. सज्जनहो, हॉर्न घोगरा झाला होता, दिवा मिणमिणत होता, तेव्हा आपण कोठे होतो? दिवा थोडासा जरी लागत असेल तरी धक्क्याने गाडी उठते. पण कोणी तरी थांबले पाहिजे. अशा माणसाच्या ओसरीवर जाऊन बसावे. त्यास उपदेश करू नये. जोराची वीज उतरलेल्या बॅटरीस सोसत नाही. ‘चल, आज माझ्याबरोबर भजनाला नुसता बस,’ एवढे म्हणावे. त्याच्या कर्जाच्या कागदांत चार शहाण्या माणसांना घालावे. मन फारच खचले असेल तर त्यास डॉक्टरांकडे न्यावे. मनाच्या आजारालाही औषध आहे, आणि ते घेण्यात भक्तीस कोणताही उणेपणा येत नाही. त्यास एकटे सोडू नये.

नाथांनी काशीची कावड घेऊन रामेश्वराची वाट धरली होती. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होते. बरोबरची मंडळी म्हणाली असतील की, देवासाठी आणलेले पाणी, पुढे चला. नाथांनी कावड तेथेच गाढवाच्या मुखी ओतली, आणि माझा रामेश्वर येथेच पावला असे मानले. त्यांच्या षष्ठीला जाताना रस्त्याच्या कडेला अडलेल्या मायलेकरांस टाकून जो पुढे गेला, तो पैठणास वेळेवर पोचला असेल. नाथांपर्यंत पोचला की नाही, याचा त्याने आपल्याशी विचार करावा.

सारांश असा. गाडी रोज थोडी चालवावी. दिवे, किल्ली पाहूनच घरात शिरावे. टोके स्वच्छ ठेवावी. वारीस निघण्यापूर्वी बॅटरी मिस्त्रीस दाखवावी आणि डिकीत दोन जाड तारा ठेवाव्या. आपल्या उपयोगी आल्या नाहीत तर दुसऱ्याच्या येतील. तसेच नाम रोज थोडे घ्यावे. कोठे गळते ते शोधावे. मन लागत नसेल त्या दिवशी चौघांत जाऊन उभे राहावे. आणि वाटेत कोणी अडलेला दिसला, मग त्याची गाडी अडलेली असो वा त्याचे मन, तर टाळ मागे सारून चार मिनिटे थांबावे. देव विटेवर अठ्ठावीस युगे थांबला आहे. आपल्याला चार मिनिटांचा उशीर झाला म्हणून तो रागावणार नाही.

॥ रामकृष्णहरि ॥